तुम्ही विचारलंत म्हणून: सगळे डोस झालेल्या मुलाला डांग्या खोकला कसा होतो?

लालबाग-परळ भागात मी अनेक वर्षे कुटुंबवैद्य म्हणून काम करतो आहे. 2022 मध्ये अग्निपथ योजना आल्यापासून इथली बरीच मुले अग्निवीर म्हणून भरती झाली. त्यांतला एखादा पहिल्या सुट्टीवर खोकत खोकत घरी येतो, मी तपासताना डांग्या खोकल्याचे नाव काढतो आणि आई-वडील जवळजवळ दुखावल्या स्वरात विचारतात, "डॉक्टर, याचे सगळे डोस वेळेवर दिलेत. मग याला कसा होईल?" तुम्हीही हेच विचारलंत, म्हणून सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी एका आईने मुलाचे लसीकरण कार्ड माझ्यासमोर ठेवले होते. घडीवर फाटलेले, चिकटपट्टीने जोडलेले आणि वर पालिकेच्या दवाखान्याचा जांभळा शिक्का. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग दीड वर्ष आणि पाच वर्षे, अशा पाचही रकान्यांत त्रिगुणी लसीच्या, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात या तिन्हींवरच्या एकत्र लसीच्या, तारखा होत्या. खाली दहा आणि सोळा वर्षांच्या नोंदीही होत्या, पण त्या धनुर्वाताच्या इंजेक्शनच्या. त्यात डांग्या खोकल्याचा घटक नसतो. म्हणजे या जंतूविरुद्धची शेवटची लस त्या मुलाला पाचव्या वर्षी मिळाली होती आणि माझ्यासमोर तो बसला होता एकोणिसाव्या वर्षी. आईने आपल्या बाजूने काहीही कमी ठेवले नव्हते, आणि हे मी त्यांना सर्वांत आधी सांगितले, कारण अशा वेळी घरात दोष आईकडेच जातो.

डांग्या खोकल्याविरुद्धची प्रतिकारशक्ती आयुष्यभर पुरत नाही. लसीने मिळालेले संरक्षण साधारण 4 ते 12 वर्षांत ओसरते, आणि प्रत्यक्ष आजार होऊन गेल्यावर मिळालेलेही 4 ते 20 वर्षांत. "एकदा होऊन गेला की पुन्हा होत नाही" हा जुना समज म्हणूनच टिकत नाही. ब्रुसेल्समध्ये बोर्दे आणि जाँगू यांनी 1906 मध्ये वेगळा काढलेला हा जंतू रक्तात सहसा शिरत नाही. तो श्वासनलिकेच्या आतल्या सूक्ष्म केसांना चिकटून बसतो आणि तिथूनच विष सोडतो. ते केस झडल्यावर कफ वर ढकलायला खोकल्याशिवाय दुसरा मार्ग उरत नाही आणि ते पुन्हा उगवेपर्यंत खोकला चालूच राहतो. चिनी भाषेत याला शंभर दिवसांचा खोकला म्हणतात, ते अगदी अचूक आहे.

आता बराकीचा विचार करा. वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेली, जवळजवळ एकाच वयाची, म्हणजे संरक्षण ओसरण्याच्या नेमक्या टप्प्यावरची मुले एका छताखाली रांगेने झोपतात, एकत्र जेवतात, एकत्र धावतात आणि दिवसभर मोठ्याने ओरडून सराव करतात. एक रुग्ण सरासरी 12 ते 17 जणांना लागण देऊ शकतो असे ज्या आजाराबद्दल सांगितले जाते, त्याला याहून सोयीची जागा मिळणे कठीण. त्यात पहिले एक-दोन आठवडे साधी सर्दी वाटते आणि लागण सर्वाधिक पसरते ती याच काळात. शिवाय मोठ्या वयात तो लहान मुलांसारखा 'हूऽप' आवाज बहुधा येतच नाही. उबळ येते, डोळ्यांत पाणी येते, कधी उलटी होते, पण दोन उबळींच्या मध्ये मुलगा ठणठणीत असतो. आजारपणामुळे मागच्या तुकडीत टाकतील या भीतीने पुष्कळ मुले एम. आय. रूमची, म्हणजे तुकडीच्या वैद्यकीय तपासणी कक्षाची, पायरीच चढत नाहीत, हे मला त्यांनीच सांगितले आहे.

तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग असा होता की, रक्त तपासून याची प्रतिकारशक्ती कळणार नाही का. प्रश्न योग्य आहे आणि तो संशोधकांनाही पडला. इस्रायलसारख्या सक्तीची लष्करी सेवा असलेल्या देशात एका वयाची तरुण मुले-मुली दरवर्षी आपसूक एकत्र येतात, त्यामुळे भरतीच्या वेळच्या रक्तातील प्रतिपिंडांचे (जंतूशी लढण्यासाठी शरीर तयार करते त्या अँटिबॉडीजचे) अभ्यास तिथे झाले. मात्र अमुक इतकी प्रतिपिंडे असली की माणूस सुरक्षित, अशी सर्वमान्य पातळी डांग्या खोकल्याच्या बाबतीत ठरलेलीच नाही. उलट, ज्याला वर्षानुवर्षे लस मिळालेली नाही अशा तरुणाच्या रक्तात या जंतूच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे खूप वाढलेली दिसली, तर त्याचा अर्थ त्याला अलीकडेच लागण होऊन गेली, असा घ्यावा लागतो. म्हणजे हे अभ्यास किती जण सुरक्षित आहेत यापेक्षा किती जणांची या जंतूशी नुकतीच गाठ पडली, हे जास्त नीट सांगतात. तो आजार समाजात, नावही न घेता, फिरतो आहे हे त्यावरून कळते. म्हणूनच केवळ मनाच्या समाधानासाठी रक्त तपासून घेऊ नका, असे मी पालकांना सांगतो.

मोठ्यांसाठी कमी मात्रेची त्रिगुणी लस उपलब्ध आहे. अमेरिकेत तिला 2005 मध्ये मान्यता मिळाली आणि तिथल्या सैन्यात भरती होणाऱ्यांना ती दिली जाते. आपल्याकडे ती खासगी दवाखान्यांत मिळते. तिचेही संरक्षण काही वर्षांतच उतरते, तरीही प्रशिक्षणाला निघण्यापूर्वी ती घ्यावी, असे माझे मत आहे.

पण मला खरी काळजी त्या मुलाची नसते. एकोणीस वर्षांचा धडधाकट मुलगा दोन महिने खोकेल, बरगड्या दुखतील, झोप मोडेल आणि तो बरा होईल. मी विचारतो ते हे: घरी तान्हे बाळ आहे का? आपल्याकडे मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी येते, आणि भाऊ सुट्टी मिळाली की भाच्याला बघायला धावत येतो. दहा बाय बाराच्या खोलीत पाळणा आणि भावाचे अंथरूण यांच्यात हातभर अंतर असते. बाळाला पहिला डोस दीड महिन्याने मिळतो, त्याआधी त्याच्याकडे स्वतःचे काहीच संरक्षण नसते. एवढे लहान बाळ कित्येकदा खोकतही नाही. श्वास थांबतो आणि ओठ निळे पडतात. इंग्लंडमध्ये 2012 च्या साथीत 14 तान्ही बाळे दगावली, आणि त्याच वर्षी तिथे गरोदर स्त्रियांना ही लस देणे सुरू झाले, म्हणजे आईची प्रतिपिंडे नाळेतून बाळाला जन्माआधीच मिळतात. आपल्या सरकारी केंद्रात गरोदरपणी मिळते ती लस धनुर्वात आणि घटसर्पाची. डांग्या खोकल्यासाठीची वेगळी मागावी लागते. ती मागा, असे मी प्रत्येक गरोदर मुलीला सांगतो.

त्या कार्ड घेऊन आलेल्या बाईंच्या घरी चार आठवड्यांची नात होती. मुलाचा खोकला तिसऱ्या आठवड्यात होता. मुंबईत दोन आठवड्यांहून जास्त खोकला म्हटले की आधी क्षयाची तपासणी व्हायलाच हवी, तशी ती केली आणि ती ठीक निघाली. नाकातून घशाच्या मागचा स्वॅब पीसीआरसाठी पाठवला, मात्र अहवालाची वाट न पाहता अ‍ॅझिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याच दिवशी सुरू केले. इतक्या उशिरा दिलेल्या औषधाने खोकला लवकर थांबत नाही, पण पाच दिवसांनी माणूस इतरांना लागण देत नाही. बाळासकट घरातल्या सगळ्यांना प्रतिबंधक औषध दिले, बाळाचे बालरोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने. ते पाच दिवस मुलगा डोंबिवलीला काकांकडे राहिला. पंधरा दिवसांच्या सुट्टीतले पाच दिवस गेले याचे त्याला फार वाईट वाटले, पण अहवाल डांग्या खोकल्याचाच आला तेव्हा तो काही बोलला नाही. सहाव्या दिवशी तो घरी आला. सुट्टी संपण्याच्या आदल्या दिवशी भाचीला दीड महिन्याचा डोस द्यायला बहिणीबरोबर तोच पालिकेच्या दवाखान्यात गेला आणि परत येताना तिचे नवे कोरे कार्ड मला दाखवून गेला.