तिसरी डुलकी

डोक्याला तेल लावून येऊ नका, असं मी फोनवर बजावून सांगते. तरी साताऱ्याकडची ही मुलगी आली ती चापूनचोपून वेणी घालूनच. दवाखान्यात न्यायची लेक कोरड्या केसांनी कशी न्यायची, असं तिच्या आईला वाटलं असणार. तेलामुळे मेंदूच्या लहरी टिपणारा इलेक्ट्रोड टाळूला नीट धरत नाही आणि सगळा आलेख खरखरतो. आदल्या रात्री माझ्या सहकाऱ्याने तिचे केस धुवायला लावले, मग नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप लावून अंतराच्या १० आणि २० टक्क्यांवर खुणा केल्या, प्रत्येक जागची कातडी घासली आणि पेस्ट लावून वायरी बसवल्या. कातडी आणि वायरीमधला विजेचा रोध ५ किलोओहमच्या खाली आल्याशिवाय आम्ही रेकॉर्डिंग सुरू करत नाही. हे काम कुणाला दिसत नाही, पण सकाळी मला हातात मिळालेला आलेख स्वच्छ होता, आणि त्या दिवशी जे कळलं ते त्या स्वच्छपणामुळेच कळलं.

मी पुण्यात एका रुग्णालयाच्या स्लीप लॅबमध्ये, म्हणजे झोपेच्या तपासणीच्या विभागात, तंत्रज्ञ आहे. आमच्याकडे बहुतेक घोरणारी माणसं येतात. ही एकोणीस वर्षांची. दिवसा कुठेही झोप लागते, वर्गात, एसटीत, भाकरी थापतानासुद्धा. हसली की गुडघ्यातून खचते. आणि झोप लागता लागता एक म्हातारी येऊन छातीवर बसते. डोळे उघडे असतात, हाक मारायची असते, पण बोटही हलत नाही. बारावीनंतर कॉलेज सुटलं. गावातल्या डॉक्टरांनी ‘लक्ष वेधून घेते’ असा निकाल दिला. देवऋष्याने लागीर झालंय म्हणून सांगितलं, उतारे टाकले, अंगारा दिला, दर अमावस्येला बोलावलं. मला देवऋष्याइतकाच राग त्या डॉक्टरांचा येतो. देवऋषी निदान ती म्हातारी आहे असं धरून तरी चालला होता.

रात्रभराच्या तपासणीनंतर दिवसा आम्ही डुलक्यांची चाचणी करतो. दोन-दोन तासांच्या अंतराने पाच वेळा अंधाऱ्या खोलीत झोपवायचं. वीस मिनिटांत झोप लागली नाही तर दिवा लावायचा. लागली तर तिथून पुढे पंधरा मिनिटं आलेख घ्यायचा. चहा बंद, मोबाइल माझ्या टेबलावर. खरी कसरत दोन डुलक्यांच्या मधल्या वेळात असते, कारण तेव्हा रुग्णाला झोपू द्यायचं नसतं. नातेवाइकांना दया येते, ते म्हणतात, पडू द्या की जरा. तिची आई तसं म्हणाली नाही. ती लेकीपासून हातभर लांबच बसत होती आणि सकाळपासून मला ते खटकत होतं.

नाश्त्याच्या वेळी आमच्या मावशींनी काहीतरी गमतीचं सांगितलं. मुलगी हसायला लागली आणि लगेच तोंडावर हात दाबून भिंतीला टेकली. मान खाली लोंबली, गुडघे वाकले, आणि काही क्षणांत ती सावरली. शुद्ध मुळीच हरपली नव्हती. आई म्हणाली, “आम्ही घरात हिला हसवत नाही आता.”

पहिल्या दोन्ही डुलक्यांत तिला काही मिनिटांतच झोप लागली आणि लगोलग स्वप्नांची झोप सुरू झाली. निरोगी माणसाला ह्या झोपेपर्यंत पोचायला साधारण दीड तास लागतो. तिसरी डुलकी साडेबाराची. नियमाने नातेवाईक कंट्रोल रूममध्ये बसत नाहीत, पण भर दुपारी बाराच्या सुमाराला पोरीला एकटीला अंधारात ठेवायला आई तयार होईना. मी तिला माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं.

आलेख सांगते, कारण मला तो अजून दिसतो. आधी डोळ्यांच्या रेषा संथ झोके घेऊ लागल्या. मग मेंदूच्या लहरींत करवतीसारखे दाते उमटले, डोळ्यांच्या रेषांनी झटके घेतले आणि हनुवटीच्या स्नायूची रेषा सपाट झाली. आम्ही तीस सेकंदांची पानं पाडून वाचतो. काही पानांनंतर डोक्यामागच्या इलेक्ट्रोडवर अल्फा लहरी आल्या, जागेपणाच्या. नाडी वाढली. हनुवटीची रेषा मात्र सपाटच. कॅमेऱ्यात मुलगी जराही हलत नव्हती.

“गप झोपलीय,” आई म्हणाली.

“मावशी, ती जागी आहे.”

“मग उठंना का?”

“तिला उठता येत नाहीये. तुम्ही आत जा आणि हात लावा तिला.”

आई जागची हलली नाही. मग म्हणाली, “तवा हात लावायचा न्हाई म्हणून सांगितलंय. ते लावणाऱ्याच्या अंगात शिरतं.”

म्हणजे इतकी वर्षं लेक अशी पडलेली असताना ही बाई हात आवरून बघत बसली होती. मी म्हटलं, शिरू दे, मी इथेच आहे. ती गेली. कॅमेऱ्यात तिचा हात मुलीच्या खांद्यावर पडलेला दिसला आणि त्याच क्षणी सपाट रेषेवर काळा फटका उठला. मुलगी आईच्या गळ्यात पडली.

आमच्या डॉक्टरांनी नंतर विचारलं, पंधरा मिनिटं का पुरी केली नाहीत? त्या डुलकीतही स्वप्नांची झोप आधीच सापडली होती, चाचणीला हवं ते मिळालं होतं. निदानाला अशा दोन डुलक्या पुरतात. मी पुन्हा तेच करीन.

मुलीने सांगितलं ते मी टिपणात तिच्याच शब्दांत लिहिलं: हिरव्या लुगड्यातली म्हातारी दाराकडून आली, डाव्या बाजूने छातीवर बसली, आई आली तशी उठून गेली.

संध्याकाळी मी दोघींना समजावलं. स्वप्न पडत असताना मेंदू हातापायांचे स्नायू बंद ठेवतो, नाहीतर आपण स्वप्नातलं सगळं अंथरुणात करून बसू. डोळे आणि श्वासपटल तेवढं चालू असतं. तिच्यात जाग आधी येते, कुलूप मागाहून उघडतं आणि स्वप्नही अजून संपलेलं नसतं. मुद्दाम खोल श्वास घ्यायला गेलं की छातीचे स्नायू साथ देत नाहीत, म्हणून कुणीतरी बसल्यासारखं वाटतं. जाग टिकवणारं हायपोक्रेटिन नावाचं रसायन १९९८ साली सापडलं, आणि ह्या आजाराच्या रुग्णांच्या मेंदूत ते तयार करणाऱ्या पेशी जवळजवळ उरलेल्या नसतात हे २००० साली दिसलं. आजाराचं नाव नार्कोलेप्सी. हसताना गुडघे जातात तेही ह्यातलंच.

“म्हणजे मी खोटं सांगत नव्हते,” मुलगी आईकडे बघून म्हणाली.

आईने विचारलं, “पण म्हातारीच का दिसती?” मी सांगितलं की कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावरच्या लोकांच्याही छातीवर अशीच म्हातारी बसते. तिला त्याचं नवल वाटलं नाही. तिकडेही असणारच, म्हणाली. स्नायूंचं मी तिला नीट समजावू शकले. पण भीतीला नेमकं माणसाचंच रूप का येतं, ह्याबद्दल मी जे बोलले त्याने माझंच समाधान झालं नाही.

पुढचा प्रश्न तिने दारात विचारला. “औषधानं जाईल ना हे?”

आटोक्यात राहील, असं मी म्हणाले. दिवसातून ठरवून एक-दोन झोपा घ्यायच्या, गोळ्या चालू ठेवायच्या, कॉलेज पुन्हा सुरू करता येईल. जन्मभर? हो, बहुधा. तिचा चेहरा उतरला आणि तेव्हापासून हे प्रकरण माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. लागीर उतरतं. देवऋष्याने तिला दर अमावस्येला तेच तर सांगितलं होतं, की एक दिवस ते निघून जाईल. आम्ही जे नाव लिहून दिलं ते जाणारं नव्हतं. आम्ही खरं सांगितलं, लेकीला खोटेपणाच्या आरोपातून सोडवलं, आणि त्याच कागदाने आईच्या हातातली एक आशा काढून घेतली. आमच्या शिक्षणात आलेख वाचायला शिकवतात. हा कागद घरी गेल्यावर काय काय करतो ते कुणी शिकवत नाही.

मध्यंतरी आईचा फोन आला होता. तालुक्याला मोडाफिनिल, म्हणजे तिची जागं ठेवणारी गोळी, मिळत नाही, साताऱ्याला जावं लागतं. म्हातारी क्वचित येते; आली की आई खांदा हलवते. उशाखाली अडकित्ता अजून आहे. मी तो काढायला सांगितलं नाही. पोरगी आता हसते, बसून हसते.

मग म्हणाली, स्थळ बघतोय. लागीर होतं, उतरलं, असं सांगितलं तर लोक ऐकून घेतात, आमच्याकडे दोन-तीन घरांत झालंय तसं. हे तुमचं नाव सांगितलं तर कोण करील?

मी म्हटलं, लपवू नका, गोळ्या लपवता येणार नाहीत आणि बंद केल्या तर तिचेच हाल होतील. आणि आधी शिकू द्या तिला. ती थोडा वेळ गप्प राहिली. “मग मुलाकडच्यांशी तुम्हीच बोला ताई. आमचं कोण ऐकणार?”

बोलेन म्हणून सांगितलंय. त्यांना आधी आलेख दाखवायचा की आधी मुलीलाच बोलू द्यायचं, ते अजून ठरत नाहीये.