पुण्याचा उष्मा-नकाशा: एप्रिलची सकाळ आणि मध्यरात्र

पुण्यात जमीन कुठे किती तापते याचा नकाशा करतोय; त्यासाठी लँडसॅट ८ आणि ९ या उपग्रहांची एप्रिल-मेमधली दृश्यं (त्यांनी टिपलेली चित्रं) एकदाची मार्गी लागली. पुण्यासाठी पाथ १४७, रो ४७ (उपग्रहाच्या फेरीचा पट्टा आणि त्यातली ओळ). कलेक्शन २, लेव्हल २ (जमिनीचं तापमान आधीच काढून दिलेला डेटा) घेतलं, ढग क्यूए बँडने (पिक्सेलची प्रत सांगणाऱ्या थराने) काढले. तापमानाच्या बँडला ०.००३४१८०२ ने गुणून १४९ मिळवले की केल्विन मिळतं, त्यातून २७३.१५ वजा केले की सेल्सिअस. पिक्सेल ३० मीटरचा असला तरी औष्णिक सेन्सरची खरी नजर १०० मीटरची आहे, त्यामुळे गल्लीतल्या एकट्या वडाची सावली यात शोधू नये.

नकाशात सगळ्यांत लाल काय दिसतं? शहराच्या पूर्वेची नांगरून पडलेली रानं. पेठा त्यांच्यापेक्षा थंड! डेटा बरोबर आहे. हे उपग्रह सकाळी साडेदहाच्या आसपास जातात. कोरड्या मातीत ओल नाही, बाष्पीभवन नाही, म्हणून ऊन लागताच ती भराभर तापते. पेठांत इमारतींची एकमेकींवर सावली पडते, आणि वीट-काँक्रीट सावकाश तापतं. म्हणून दख्खनच्या उन्हाळ्यात फक्त सकाळच्या नकाशावरून ‘उष्णतेचं बेट नाही’, म्हणजे शहर आजूबाजूपेक्षा गरम नाही, असं म्हणणं मला अजिबात पटत नाही.

खरं बेट दिसलं ते रात्री. अ‍ॅक्वा उपग्रहावरच्या मोडिस या सेन्सरची २०१५ ते २०२० ची, रात्री दीडच्या सुमाराची दृश्यं लावली. पिक्सेल १ किलोमीटरचा, ढोबळच, पण चित्र पार उलटं: रानं निवलेली, शहर अजून गरम. माणसांची झोप उडवणारा उकाडा हाच.

हिरवाईचं मोजमाप सेंटिनेल-२ उपग्रहाच्या १० मीटरच्या बँड ८ (जवळचा अवरक्त) आणि ४ (लाल) वरून केलं. वेताळ टेकडीवरचा एनडीव्हीआय (हिरवाईचा निर्देशांक) ऑक्टोबरात भरपूर, एप्रिलात खाली, कारण गवत वाळतं आणि ग्लिरिसिडिया हे झाड पानं टाकतं. नुसतं एप्रिलचं दृश्य धरून टेकडीची हिरवाई घटली म्हणणं अन्यायाचं आहे. आता दोन्ही ऋतूंचे थर शेजारी ठेवतो. पाणी मिळणारं एम्प्रेस गार्डन मात्र एप्रिलातही हिरवं, आणि आजूबाजूपेक्षा थंड.

भोसरीच्या शेडचे पत्रे तूर्त वगळलेत. उघड्या धातूची उत्सर्जकता (उष्णता किरणांनी बाहेर टाकण्याची क्षमता) कमी असते, त्यामुळे ते असतात त्यापेक्षा गार दिसतात.

पुढचं काम इकोस्ट्रेसचं. अंतराळ स्थानकावरचं हे उपकरण वेगवेगळ्या वेळी पुण्यावरून जातं आणि साधारण ७० मीटरचं तापमान देतं. मार्च ते मे मधली निरभ्र रात्रीची दृश्यं निवडून पेठा, कोथरूड आणि हडपसर वेगळे काढायचे आहेत.