सर, विसरण न्हाई, गिळण झालं!

समितीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा. मला तर शाळा म्हटलं की आपले विज्ञानाचे सरच दिसतात, बाकीच्या गुरुजनांनी राग मानू नये. नाव लिहीत नाही, कोणते सर ते सगळ्यांना माहितीय.

नववीला पेशीचा धडा होता. सरांनी बाजारातून बटाटे आणले, सोलून अर्धे कापले, चमच्यानं आतून कोरून चार वाट्या केल्या. एक रिकामी, एकीत साखर, एकीत मीठ आणि चौथी उकडलेल्या बटाट्याची, तिच्यात पण साखर. चारी परातीतल्या पाण्यात ठेवल्या अन् मधली सुट्टी झाली. परत येऊन बघतो तर साखरेच्या आणि मिठाच्या वाटीत पाणी साचलेलं, रिकामी कोरडीच, आणि उकडलेल्या वाटीतली साखर गायब! आमच्यातल्याच एकानं बोटानं चाटूनपुसून खाल्लेली (कोण ते सांगत नाही, आता तो सरपंच आहे). सर वाटी उचलून म्हणाले, "काय रे, हिच्यातल्या साखरेचं विसरण झालं की काय?" (विसरण म्हणजे दाट जागेतून विरळ जागेकडं पसरत जाणं.) मागून आवाज आला, "सर, विसरण न्हाई, गिळण झालं!"

दुसरं कुणी असतं तर छडी निघाली असती. सर पोट धरून हसले, म्हणाले पेशीला पण गिळता येतं की, आणि फळ्यावर अमीबा काढून पेशीय भक्षणच शिकवलं, पेशीचं पटल, म्हणजे तिचं बाहेरचं पातळ आवरण, कणाभोवती कसं वळतं, त्याची पिशवी होऊन ती आत कशी जाते. उकडलेली वाटी दुसऱ्या दिवशी परत लावली, पाणी आलंच नाही. उकडल्यावर पेशीचं पटलच धड राहत नाही, मग परासरण, म्हणजे पातळ बाजूचं पाणी पटलातून घट्ट बाजूला जाणं, होणार कशातून.

पेशीच्या पटलातला सोडियम-पोटॅशियम पंप शिकवणं तर सरांचा हातखंडा. उताराला पाणी आपोआप जातं, चढाला न्यायचं तर मोटार लागते अन् मोटारीला लाईट, पेशीची लाईट म्हणजे एटीपी. एका एटीपीत तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत, आमच्या बॅचला झोपेतून उठवून विचारा. डेन्मार्कचे शास्त्रज्ञ येन्स स्कोऊंनी १९५७ ला खेकड्याच्या नसांवर काम करताना तो शोधला, १९९७ ला त्यांना नोबेल मिळालं, हे मला मेडिकलला कळलं.

आता लातूरला माझा लहान मुलांचा दवाखाना आहे, सरांच्या कृपेनं बरा चालतो. जुलाब लागलेलं लेकरू येतं अन् आईनं लिटरभर पाण्याचं ओआरएसचं पाकीट एका ग्लासातच कालवलेलं असतं. मग मी सरांसारखाच सुरू होतो, मावशी, आतड्याच्या पेशीला एक दार आहे, त्यातून सोडियम आणि ग्लुकोज जोडीनंच आत जातात अन् मागोमाग पाणी, जुलाबात पण ते दार चालू राहतं, पण घट्ट पाजलं तर उलटं पाणीच आतड्यात ओढलं जातं, बटाट्याच्या वाटीत आलं तसं. १९७१ ला पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीसांनी कॉलऱ्याचे पेशंट वाचवले ते ह्याच जोडीवर.

मागं शाळेत गेलो होतो तर प्रयोगशाळेला कुलूप, आत मोडके बेंच रचलेले. पोरांना स्मार्ट बोर्डवर ॲनिमेशन दाखवतात म्हणे. चांगलंच असेल, पण त्यातली साखर काही चाटता येत नाही. वर्गणीतून कमान बांधायचं चाललंय असं ऐकलं. कमानीला मला धरू नका. ते कुलूप काढणार असाल तर फोन करा, बीकर, मायक्रोस्कोप, टेबलं, जे लागेल ते माझ्याकडं लागलं.