झिओलाइट ए बनवताना आलेला माझा अनुभव

प्रोजेक्टसाठी झिओलाइट ए, म्हणजे सिलिकॉन-अॅल्युमिनियमचं, आत अगदी बारीक छिद्रं असलेलं आणि पाणी शोषणारं क्रिस्टल, बनवायचं होतं. कृती वाचून सोपी वाटली, सोडियम अॅल्युमिनेट आणि सोडियम सिलिकेट कॉस्टिकच्या (सोडियम हायड्रॉक्साइडच्या) पाण्यात वेगवेगळं विरघळवायचं, मग एकत्र ओतलं की लगेच दह्यासारखं पांढरं जेल होतं, ते पॉलिप्रॉपिलीनच्या बाटलीत घट्ट झाकण लावून ९९ डिग्रीला ३-४ तास. काचेची बाटली घेऊ नका, कॉस्टिक काचेतलंच सिलिका विरघळवतं.

मी पहिल्यांदा बाटली रात्रभर ओव्हनमध्ये ठेवली, वाटलं जास्त वेळ म्हणजे जास्त चांगले क्रिस्टल, वर कॉस्टिकही थोडं जास्त पडलं होतं. पावडर पांढरीशुभ्र निघाली, खूप आनंद झाला, पण एक्सआरडी (क्ष-किरणांनी क्रिस्टल ओळखायची चाचणी) काढला तर झिओलाइट एचा ७.२ डिग्रीचा पीक जेमतेम दिसत होता आणि १४ जवळचा उंच. म्हणजे बरंचसं सोडालाइट, त्याच घटकांचं दुसरं क्रिस्टल, झालेलं! झिओलाइट ए हा मधला टप्पा आहे हे तेव्हा कळलं, कॉस्टिकमध्ये तापत ठेवलं की ते विरघळून जास्त स्थिर आणि जास्त दाट सोडालाइट बनतं, ज्याची छिद्रं इतकी बारीक की आपल्या कामाची नाहीत. आठवडा गेला त्यात.

दुसऱ्यांदा चार तास झाले की बाटली लगेच गार पाण्यात, मग गाळून पीएच ९ च्या खाली येईपर्यंत धुतलं. धुण्यात कंटाळा करू नका, उरलेलं कॉस्टिक पुढे त्रास देतं. यावेळी ७.२ चा पीक सुरेख आला.

मला सगळ्यात आवडलेला भाग त्यापुढचा. झिओलाइट एच्या सांगाड्यात सिलिकॉन आणि अॅल्युमिनियमचे अणू सारख्याच संख्येने, दर अॅल्युमिनियममागे एक ऋण भार, तो सांभाळायला एक सोडियम. यातले काही सोडियम छिद्राच्या तोंडाशी, म्हणजे खिडकीतच बसतात म्हणून वाट ४ अँगस्ट्रॉमची (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात ढवळलं की दोन सोडियम जाऊन एकच कॅल्शियम येतो, खिडकी मोकळी होते, वाट ५ ची. पोटॅशियम घातला तर उलट ३ ची, म्हणून तर अल्कोहोल सुकवायला हा पोटॅशियमवाला प्रकार, ३ए, वापरतात, पाणी आत शिरतं आणि अल्कोहोल बाहेरच राहतं. सांगाडा तोच, फक्त आयन बदलला!

शेवटी ३५० डिग्रीला व्हॅक्यूममध्ये तापवून आतलं पाणी काढलं, गार झाल्यावर टेस्ट ट्यूबमध्ये थोडं घेऊन दोन थेंब पाणी टाकलं तर ट्यूब हाताला चक्क गरम लागली. बाकीचं लगेच हवाबंद बाटलीत भरलं, उघडं राहिलं तर हवेतली ओल ओढून घेतं आणि परत तापवायला लागतं.