पत्रिका ओळखीच्याच नंबरवरून येते

तुळशीचं लग्न लागलं की सांगली जिल्ह्यात पत्रिकांची वाटावाटी आणि ऊसतोड साधारण बरोबरच जोर धरते. कायद्यानं ऊस कारखान्याला गेल्यापासून १४ दिवसांत बिल खात्यावर यायला हवं. म्हणजे वाळवा-पलूसकडच्या कितीतरी घरांत खात्यावर पैसे असण्याचे आणि व्हॉट्सॲपवर पत्रिका येण्याचे महिने एकच. पत्रिकेच्या नावानं येणारी आणि खात्यातले पैसे पळवणारी एपीके फाइल म्हणूनच जास्त जिव्हारी लागते.

फाइल उघडण्याआधी नीट बघा. खरी पत्रिका फोटो असते, नाहीतर पीडीएफ. एपीकेमध्ये पत्रिकेचं चित्र दिसत नाही. नुसतं कागदाचं चिन्ह, नाव, आकार आणि 'एपीके' अशी अक्षरं. कधी नाव मुद्दाम 'पत्रिका डॉट पीडीएफ डॉट एपीके' असं ठेवतात, म्हणजे घाईत पीडीएफ तेवढं वाचलं जातं. एपीके म्हणजे अँड्रॉइडचं ॲप, आणि पत्रिका बघायला ॲप बसवावं लागत नाही. ट्रॅफिक चलन किंवा बँकेच्या केवायसीच्या नावानं येणारी फाइलही याच जातीची.

नंबर ओळखीचा आहे, यावर मात्र अजिबात जाऊ नका. फसवणुकीची सगळी भिस्त त्यावरच असते. ॲप बसताना एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती मिळाली की व्हॉट्सॲपचा ६ अंकी कोड चोराला दिसतो, तो ॲप बसवणाऱ्याचं व्हॉट्सॲप स्वतःच्या फोनवर उघडतो आणि तीच फाइल भावकीच्या, सोसायटीच्या, शाळेच्या ग्रुपवर टाकतो. बँकेचे ओटीपीही त्याच वाटेनं जातात. काही ॲप पुढं खोटं पान दाखवून कार्डाचे शेवटचे ६ अंक आणि मुदत विचारतात, कारण यूपीआय पिन नव्यानं ठरवायला तेवढंच आणि ओटीपी लागतो. पुष्कळदा ॲपचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं, आणि घरचे म्हणतात, 'पत्रिका उघडलीच नाही.'

फाइलवर बोट लागलंच असेल तर आधी फोन विमान मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. मग सिम काढून साध्या बटणांच्या फोनमध्ये घाला. त्यानं बँकेचे मेसेज तुम्हाला येत राहतात, त्या ॲपला मिळत नाहीत. त्याच फोनवरून बँकेला सांगून यूपीआय, नेटबँकिंग आणि कार्ड बंद करा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा. रक्कम पुढच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येते, म्हणून इथं मिनिटं मोजायची. सकाळी बँक उघडू दे म्हणून थांबू नका.

तक्रारीचा क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकानुसार चूक ग्राहकाची असली, तरी बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. ही ओळ शाखेत ठामपणे सांगावी लागते.

मग फोन साफ करायचा. ॲप काढायचं बटण पुसट दिसत असेल, तर त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा हक्क घेतलेला असतो. सेटिंगमध्ये सिक्युरिटीत जाऊन तो आधी काढा, ॲक्सेसिबिलिटीत त्या ॲपला परवानगी दिलेली नाही ना, तेही तपासा. पण खरं सांगायचं तर फोटो बाजूला काढून सरळ फॅक्टरी रीसेट करावं. पहिलं ॲप आत दुसरं बसवून ठेवतं, आणि ते हाती लागलं की नाही याची खात्री नसते. रीसेटनंतर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग (तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं) मोडा, व्हॉट्सॲप नव्यानं सुरू करून टू-स्टेप पिन लावा.

यात कंपन्यांची जबाबदारी मोठी आहे. जीमेल एपीके फाइल जोडूच देत नाही. व्हॉट्सॲप २ जीबीपर्यंतची कुठलीही फाइल जाऊ देतं, त्यात एपीकेही आली. ज्या देशात लोक पत्रिका, सातबारा, निकाल सगळं व्हॉट्सॲपवर पाठवतात, तिथं एपीके अडवायलाच हवी. गुगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये जाहीर केलं की ओळख पटवलेल्या डेव्हलपरचीच ॲप अँड्रॉइडवर बसतील. सुरुवात सप्टेंबर २०२६ पासून ब्राझील, इंडोनेशिया, सिंगापूर आणि थायलंडमध्ये, बाकी जगात २०२७ पासून. भारत पहिल्या चारांत नाही, हे मला पटत नाही.

तोवर घरातल्या थोरांच्या फोनवर दोन मिनिटांचं काम करा. सेटिंग, ॲप्स, स्पेशल ॲक्सेस, 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. तिथं व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर, तिन्ही बंद. काही फोनमध्ये हे सिक्युरिटीखाली असतं. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट, म्हणजे ॲप तपासणारी गुगलची सोय, चालू आहे ना, तेही बघा.

आणि ज्यांच्या नंबरवरून फाइल आली, त्या पाहुण्यांना साधा फोन करून सांगा. व्हॉट्सॲपवर लिहू नका. ते आता चोर वाचतोय.