तुम्ही विचारलंत म्हणून: "छताला किती दिवस लागले?"

गाडीत बसल्यावर लोक आधी वर बघतात हे मला छताचं लायनिंग, म्हणजे छताला आतून लावलेलं कापड, बदलल्यावर कळलं. मग हात लावून बघतात (नका लावू, क्रीम कलर आहे) आणि मग हमखास तोच प्रश्न, घरीच केलंत ना, किती दिवस लागले? मी बरेच दिवस "एक रविवार" असं सांगून मोकळा व्हायचो. ते खोटं नाहीये, पण ते ऐकून दोघांनी आपापल्या गाडीचं छत फाडून ठेवलं आणि मग मला फोन केले, म्हणून आता नीट सांगतो.

आधी तुमच्या गाडीत कुठल्या प्रकारचं लायनिंग आहे ते बघा. त्यातल्या त्यात नंतरच्या गाड्यांमध्ये पुठ्ठ्यासारखा साच्यातला बोर्ड असतो आणि त्यावर पातळ फोम असलेलं कापड चिकटवलेलं. ते लटकायला लागलं की लोक स्प्रे गम घेऊन धावतात आणि चार दिवसांत कापड परत डोक्यावर, मग गमला शिव्या. अहो गम बिचारा काय करणार, उष्णतेने आणि दमटपणाने मधल्या फोमचीच भुकटी झालेली असते, भुकटीला काय चिकटणार? बोर्ड बाहेर काढा, जुना फोम ब्रशने घासून सगळा उतरवा, नवं फोमवालं कापड लावा. यांना खरंच एखादा शनिवार-रविवार पुरतो.

माझी गाडी १९६७ ची. तिच्यात बोर्डबिर्ड काही नाही. छताखाली सहा आडव्या स्टीलच्या सळ्या, कमानीसारख्या वाकवलेल्या, आणि कापडाच्या वरच्या बाजूला शिवलेले नेफे, पायजम्याच्या नेफ्यातून नाडी जाते तशी प्रत्येक सळी त्यातून जाते. कापडाच्या कडा बाजूंना दारांच्या वर चिकटवलेल्या, आणि पुढे-मागे थेट काचेच्या रबराखाली. म्हणजे काचा काढल्याशिवाय कापड निघतच नाही आणि रविवारचं गणित इथेच बोंबलतं.

काच काढताना जुनं रबर वाचवायच्या नादाला लागू नका. ते दगड झालेलं असतं, स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटायला गेलात की काच कडेकडून तडकते. सरळ कटरने रबर कापा, नवं आणा. तर काच निघाली, रबराखाली बघतो तर पत्र्याला गंज. गंज घासला तर दोन ठिकाणी आरपार भोकं, म्हणजे वेल्डिंग, वेल्डिंग झालं म्हणजे रंग, आणि रंग आधी, लायनिंग नंतर, काचा सगळ्यात शेवटी हा क्रम काही बदलता येत नाही. यात साडेतीन महिने गेले. कापडाची घडी तेवढा वेळ कपाटावर पडून होती.

माझी स्वतःची चूक पण सांगून टाकतो. सळ्या मी एका दमात काढल्या आणि सुतळीने जुडी बांधून ठेवली. सगळ्या सारख्याच दिसतात हो! पण प्रत्येकीची लांबी आणि बाक थोडा वेगळा असतो. काही कंपन्या ओळखायला टोकांना रंग द्यायच्या, माझ्या सळ्यांवर गंजाशिवाय कुठलाच रंग शिल्लक नव्हता. शेवटी जुनं फाटकं कापड जमिनीवर पसरून एकेक नेफा मोजला आणि त्यावरून सळ्या जुळवल्या, म्हणून जुनं कापड लगेच फेकू नका. सळीला टेप लावून नंबर, डावं-उजवं, आणि ती कुठल्या भोकात बसली होती हे लिहून ठेवा (एका जागी दोन-तीन भोकं असतात, मजा म्हणून). आणि सळ्या घासून रंगवा, नाहीतर त्यांचा गंज नव्या कापडावर पट्ट्यांसारखा उतरतो. छतातल्या लाइटची वायर कापड चढवायच्या आधी ओढून घ्या, हे मी का सांगतोय ते तुम्ही ओळखलं असेलच.

आता तो रविवार. कापड व्हायनलचं (रेक्झिनसारखं प्लास्टिकचं) असेल तर सकाळपासून उन्हात पसरून ठेवा, गरम झालं की ऐकतं. हात स्वच्छ, दारं सगळी उघडी, कारण चिकटवायच्या सोल्यूशनच्या वासाने डोकं गरगरतं. कापडाची मधली रेघ आणि छताची मधली रेघ जुळवायची, सळ्या चढवायच्या, मग आधी पुढे-मागे ताणायचं आणि त्यानंतरच बाजूंना. सोल्यूशन दोन्हीकडे लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा, बोटाला नुसतं चिकचिकलं पाहिजे, ओलं असताना दाबलंत तर कापड सरकतं. आम्ही लगेच चिकटवलं नाहीच, आधी पन्नासेक बाइंडर क्लिपा लावून सगळं कोरडंच ताणून बघितलं आणि तीनदा परत काढलं. नेफ्याची टोकं बाजूला सुरकुती पाडतात, ती थोडी कापावी लागतात, पण बोटाच्या पेराएवढीच, जास्त कापलीत तर सळीचं टोक कापडातून डोकावतं. आणि कडेचं जादा कापड काचा बसेपर्यंत कापायचं नाही म्हणजे नाही, बायको शेजारी कात्री घेऊन उभी होती, तिला दोनदा थांबवलं.

सकाळी आठला सुरू केलं, रात्री नऊला संपलं. मागच्या डाव्या कोपऱ्यात एक सुरकुती राहिलीये, हेअर ड्रायर मारला की जाते, थंडी पडली की परत येते. तुम्ही बसलात तेव्हा दिसली नसेल, पण मला ती रोज आरशात दिसते.