आमची वाटचाल: साय, सिरिंज आणि प्लास्टिक

भोसरीत गाळा घेतला तेव्हा भांडवल काय, तर एक जुना रोटाव्हेपर (फ्लास्क फिरवत द्रावण आटवणारं यंत्र) आणि कॉलेजपासूनचा माझा भागीदार. म्युनिकच्या ग्रेगोर सेव्ह यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या ट्रान्सफरसोमवर, म्हणजे औषध घेऊन कातडीतून वाकून-दबून शिरणाऱ्या लवचीक, अतिसूक्ष्म थैलीवर, आम्ही सगळं लावलं. थैलीत सोया लेसिथिन (सोयाबीनमधला चरबीसारखा पदार्थ) आणि साधारण १५ टक्के सोडियम कोलेट (साबणासारखं काम करणारा पित्तातला क्षार). कोलेट कमी पडलं की थैली ताठ, जास्त झालं की ती मोडून तिचं मिसेल होतं, म्हणजे पोकळी नसलेला बारीक गोळा.

लेसिथिन क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवून आटवलं की फ्लास्कच्या आत थर सायीसारखा सलग बसायला हवा. भागीदार फ्लास्क खिडकीकडे धरायचा. एक ठिगळ दिसलं तरी पुन्हा पहिल्यापासून. क्लोरोफॉर्म पुरतं जावं म्हणून रात्रभर व्हॅक्यूम, मग पाणी घालून थैल्या करायच्या, आणि ट्रायल बॅच असली की त्या दोन सिरिंजांमधल्या १०० नॅनोमीटर छिद्रांच्या मेम्ब्रेनमधून (गाळणीतून) २१ वेळा इकडून तिकडे. २० वेळा नाही! सम आकड्यावर थांबलं की गाळलेला माल, न गाळलेला जिथे होता त्याच सिरिंजमध्ये परत जातो. नव्या पोरांना हे दर वेळी सांगावं लागतं.

तिसऱ्या वर्षी आमच्याकडेच शिकून गेलेल्या एकाने स्वस्तात तसलंच डायक्लोफेनॅक जेल काढलं. काढू दे, धंदा आहे. पण सोबतच्या चिठ्ठीवर त्याने छापलं, 'लावून वर प्लास्टिक गुंडाळा'. अहो, थैलीला आत खेचते ती पाण्याची ओढ! वरचा थर कोरडा, आत ओल. वरून झाकलं की ओढच संपली. लोकांचे गुडघे दुखतच राहिले आणि बाजारात बोभाटा झाला, हे थैलीचं प्रकरणच फसवं. आमच्या ऑर्डरी गेल्या. सहा महिने पगार बायकोच्या बांगड्यांवर निघाले.

एकच गिऱ्हाईक टिकलं, सदाशिव पेठेतले एक आजोबा. ते म्हणाले, "मला करून दाखवा." डुकराच्या कानाची कातडी फ्रांझ सेलवर, म्हणजे कातडीतून किती औषध पार जातं ते मोजायच्या भांड्यावर, ताणली, एक सेल उघडा, एक झाकलेला. गुरुवार होता, लाइट गेली, तेव्हा गरम पाणी ओतून ३२ अंश (कातडीचं तापमान) आम्ही हातानेच सांभाळले. आजोबा दुसऱ्या दिवशीपर्यंत स्टुलावर. आकडे पाहून त्यांनी आगाऊ चेक फाडला.

पुढची वर्षं बरी गेली. या धंद्यात येणाऱ्यांनो, लेसिथिन स्वस्त मिळतंय म्हणून घेऊ नका. पेरॉक्साइड व्हॅल्यू, म्हणजे ते किती खराब झालंय त्याचा आकडा, बघा, ड्रम उघडला की नायट्रोजन सोडून बंद करा, खवट वास आला तर जीव जळला तरी फेकून द्या.

तो स्वस्त जेलवाला परवा मोशीच्या प्रदर्शनात भेटला. मी विचारलं, "अजून गुंडाळता का हो?" त्याने उत्तर दिलं नाही.